रक्तातला अमोनिया आणि लॅक्टुलोज: डोस घरी कसा बसवायचा

लिव्हर सिरॉसिसच्या (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटला दवाखान्यातून घरी सोडताना कागदावर बहुतेक वेळा एक गोड, घट्ट सिरप लिहिलेलं असतं: लॅक्टुलोज. घरचे त्याला पोट साफ होण्याचं औषध समजतात, कारण बद्धकोष्ठतेसाठीही तेच देतात. मग दोन दिवस संडासला नीट झालं की बाटली कपाटात जाते. काही दिवसांनी पेशंट दिवसा झोपा काढतो, रात्री उठून बसतो, चहात मीठ घालतो, नातवाचं नाव विसरतो. अमोनिया डोक्यात चढला असं आपल्याकडे म्हणतात तो हा प्रकार. डॉक्टरांच्या भाषेत हिपॅटिक एन्सेफॅलोपॅथी.

हे औषध मि.ली.मध्ये लिहून मिळत असलं, तरी त्याचा खरा डोस दिवसाला किती वेळा संडासला होतं यावरून ठरतो. ती मोजणी घरातल्याच माणसानं करायची असते. म्हणून हा सगळा मजकूर पेशंटपेक्षा त्याच्याजवळ राहणाऱ्या माणसासाठी आहे.

आधी एक कुंपण. खाली जे आहे ते सिरॉसिस असलेल्या मोठ्या माणसांसाठी, आणि डॉक्टरांनी लॅक्टुलोज लिहून दिलं असेल तरच. तान्ह्या बाळाचा किंवा लहान मुलाचा अमोनिया वाढला असेल तर तो बहुधा वेगळा आजार असतो. त्यात युरिया बनवणारं एखादं विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असतं, आणि असे बरेचसे आजार नात्यात लग्न झालेल्या जोडप्यांच्या मुलांत जास्त दिसतात. त्या मुलांना सोडियम बेंझोएट, फेनिलब्युटिरेट, आर्जिनिन अशी औषधं वजनावर मोजून देतात आणि प्रथिनं खरोखरच तोलून द्यावी लागतात. तिथे लॅक्टुलोजवर वेळ घालवणं धोक्याचं आहे. फिट्ससाठी व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या माणसाचा अमोनिया त्या गोळीमुळेही वाढू शकतो. तो प्रश्न गोळी लिहिणाऱ्या डॉक्टरांकडेच न्यायचा, पण फिट्सची गोळी परस्पर बंद करायची नाही.

अमोनिया अडतो कुठे, सिरप करतं काय

खाल्लेल्या प्रथिनांतून आणि युरियातून मोठ्या आतड्यातले जंतू अमोनिया बनवतात. लहान आतड्याच्या पेशीही ग्लुटामिनपासून तो तयार करतात. आतड्याकडून लिव्हरकडे जाणाऱ्या पोर्टल शिरेतून तो थेट लिव्हरमध्ये जातो, तिथे त्याचा युरिया होतो आणि किडनी तो लघवीवाटे बाहेर टाकते. सिरॉसिसमध्ये लिव्हरच्या पेशी कमी पडतात. शिवाय पोर्टल शिरेतला दाब वाढल्यामुळे बरंचसं रक्त लिव्हरला वळसा घालून आडवाटेनं पुढे जातं. मेंदूच्या आधार देणाऱ्या पेशी अमोनियाचं ग्लुटामिन करतात आणि त्यापायी पाणी ओढून फुगतात. विसरभोळेपणा, चिडचिड, गुंगी हे सगळं त्यातून येतं.

लॅक्टुलोज ही गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज जोडून तयार केलेली साखर आहे. ती फोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नसतं, म्हणून ती न पचता मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जंतू तिचं लॅक्टिक आणि ॲसिटिक आम्ल करतात. आम्ल वाढलं की अमोनियाचं अमोनियम होतं, आणि अमोनियमला आतड्याच्या भिंतीतून रक्तात सहज शिरता येत नाही. शिवाय ही साखर पाणी ओढून घेते, त्यामुळे अडकलेला माल संडासवाटे लवकर बाहेर पडतो.

म्हणूनच मेडिकलवाल्यानं "हे संपलंय, हे घ्या, तेच काम करतं" म्हणून लिक्विड पॅराफिन आणि मिल्क ऑफ मॅग्नेशियाचं सिरप पुढे केलं तर घ्यायचं नाही. त्यानं संडासला होईल, पण आम्ल तयार होणार नाही. इसबगोल, त्रिफळा, एरंडेल हे बरोबरीनं चालू ठेवण्यातही तोटा आहे: संडासला होतंय ते कशामुळे हेच कळत नाही, आणि लॅक्टुलोज पुरेसं झालं असा गैरसमज होतो. लॅक्टिटॉल नावाचं सिरप याच जातीचं आहे आणि काही डॉक्टर ते लिहितात, पण त्याचा डोस वेगळा असतो. अदलाबदल करायची असेल तर डॉक्टरांनीच.

बाटली, माप आणि साठा

बाटलीवर "१५ मि.ली.मध्ये १० ग्रॅम" अशी ताकद आहे का ते बघा. ५ मि.ली.ला ३.३३ किंवा ३.३५ ग्रॅम लिहिलं असेल तर तेही तेच. ब्रँड बदलला तरी ताकद तीच असेल तर काही बिघडत नाही. जनऔषधी केंद्रात मिळालं तर खर्च बराच कमी होतो, आणि हा खर्च महिनोन् महिने चालणारा आहे.

माप झाकणाचं किंवा प्लॅस्टिकच्या छोट्या कपाचं वापरा. घरातला चमचा नको. चहाचा चमचा सुमारे ५ मि.ली.चा, जेवणाचा १५ च्या आसपास, आणि "दोन चमचे" म्हणजे दहा की तीस यावर घरात एकमत नसतं. कागदावर टीडीएस म्हणजे दिवसातून तीनदा, बीडी म्हणजे दोनदा, एचएस म्हणजे झोपताना. बेळगाव जिल्ह्यात खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी भागात डॉक्टर इंग्रजीत लिहितात, मेडिकलवाला कानडीत सांगतो आणि घरी मराठीत ऐकलं जातं. या तीन टप्प्यांत तोंडी सूचना हमखास निसटते. म्हणून मि.ली. आणि वेळ आकड्यांत लिहून घ्या. आकड्यांना भाषांतर लागत नाही.

साठ्याचा हिशेब बहुतेक घरांत चुकतो. ३० मि.ली. तीनदा म्हणजे दिवसाला ९०. २०० मि.ली.ची बाटली दोन दिवस जेमतेम पुरते, आणि महिन्याला २,७०० मि.ली. म्हणजे तेरा-चौदा बाटल्या लागतात. एकेक बाटली आणणाऱ्या घरात रविवारी किंवा जत्रेच्या दिवशी औषध संपतं. निदान आठवड्याचा साठा घरात असू द्या. सौंदत्तीला यल्लम्माला किंवा लग्नाला जाताना त्या दिवसांचा साठा आणि माप दोन्ही पिशवीत टाका. प्रवासात संडासची पंचाईत नको म्हणून डोस टाळणं हे पेशंट पुन्हा ॲडमिट होण्याचं नेहमीचं कारण आहे.

सिरप फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही, गोठवायचं तर नाहीच. ३० अंशांच्या खाली आणि उन्हाआड ठेवलं की झालं. एप्रिल-मेमध्ये अथणी-रायबागकडच्या पत्र्याच्या घरात मात्र बाटली खिडकीत न ठेवता खाली, गार कोपऱ्यात ठेवा. रंग थोडा गडद झाला तर औषध चालतं. फार काळपट झालं किंवा गढूळ दिसलं तर टाकून द्या.

डोस बसवणं

कंपनीच्या माहितीपत्रकात मोठ्या माणसाचा डोस ३० ते ४५ मि.ली., दिवसातून ३ ते ४ वेळा असा असतो. घरी सोडताना अनेक डॉक्टर १५ ते ३० मि.ली.पासून, दिवसातून दोन-तीनदा असं सुरू करतात. तुमच्या पेशंटचा आकडा त्याच्या कागदावरचा. घरी निघण्याआधी मात्र डॉक्टरांकडून आणखी दोन आकडे मागून घ्या: दिवसाला जास्तीत जास्त किती मि.ली. पर्यंत मी स्वतः वाढवू शकतो, आणि कमी करताना कितीच्या खाली जायचं नाही. हे दोन आकडे नसतील तर खालची सगळी पद्धत लंगडी पडते.

उद्दिष्ट आहे दिवसाला २ ते ३ वेळा मऊ संडास. मऊ म्हणजे आकार न धरणारी, पण पाण्यासारखी नव्हे.

वेळा सकाळी ७, दुपारी १ आणि संध्याकाळी ७ अशा ठेवा. शेवटचा डोस रात्री दहाला दिला तर पेशंट पहाटे अंधारात संडासकडे धावतो. मळ्यातल्या घरात संडास अंगणाच्या टोकाला असतो आणि पडून मांडीचं हाड मोडण्याचा धोका खरा आहे. शक्य असेल तर कमोडची खुर्ची खोलीतच ठेवा. चव अतिगोड असते, तोंडाला मिठी बसते. पाण्यात, दुधात किंवा फळांच्या रसात मिसळून दिलं तरी चालतं. नंतर चूळ भरायला लावा.

परिणाम दिसायला २४ ते ४८ तास लागू शकतात. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत काही झालं नाही म्हणून घाबरून दुप्पट दिलं, तर दुसऱ्या रात्री जुलाब सुरू होतात. पहिले काही दिवस पोट फुगतं, वारा सरतो, थोडी मुरड येते. जंतू साखर आंबवतायत म्हणून हे होतं, आणि सहसा आपोआप कमी होतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजच्या चौकोनात रेघा मारा. मोजणी सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा. प्रत्येक संडासला एक रेघ, पातळ असेल तर रेघेवर टिंब. पेशंटला विचारून भागत नाही, कारण ज्याचा अमोनिया वाढलाय त्याला आठवत नाही, आणि "झालं झालं" म्हणून तो मोकळा होतो.

चौकोनात दोन किंवा तीन साध्या रेघा असतील तर डोसला हात लावू नका. एकच रेघ असेल तर प्रत्येक वेळचा डोस ५ ते १० मि.ली.नं वाढवा, डॉक्टरांनी दिलेल्या मर्यादेत, आणि दोन दिवस थांबून पुन्हा बघा. पूर्ण चोवीस तासांत एकही नसेल तर वाढवाच, पण त्याच दिवशी डॉक्टरांना फोनही करा. त्याबरोबर पोट टम्म झालं असेल, उलट्या होत असतील किंवा वाराही सरत नसेल, तर आतडं अडकलेलं असू शकतं. अशा वेळी आणखी सिरप न देता दवाखाना गाठा. चार किंवा जास्त रेघा, किंवा टिंबंच टिंबं असतील, तर पुढचा एक डोस गाळा आणि त्यानंतर कमी मापानं सुरू करा: ३० देत असाल तर २०. जुलाब थांबले म्हणून औषध कायमचं बंद करायचं नाही. पूर्ण बंद होणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. दिल्लीत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदा अमोनियानं गुंगण्या-बरळण्याचा झटका येऊन गेलेल्या पेशंटपैकी लॅक्टुलोज चालू ठेवलेल्यांत सुमारे २० टक्के लोकांना पुन्हा झटका आला, न घेणाऱ्यांत सुमारे ४७ टक्क्यांना.

एखादा डोस चुकला तर आठवल्यावर द्या. पुढच्याची वेळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या. दोन एकदम नकोत.

मधुमेह असेल तर लॅक्टुलोज बंद करायची गरज नसते. पण सिरपमध्ये थोडं गॅलॅक्टोज आणि लॅक्टोज उरलेलं असतं, म्हणून मोठा डोस चालू असताना साखर जरा जास्त वेळा तपासा. कोलोनोस्कोपी ठरली असेल तर लॅक्टुलोज चालू असल्याचं आधीच सांगा. आतड्यात हायड्रोजन वायू साठतो, आणि आत विजेच्या उपकरणानं काही जाळायचं झाल्यास ठिणगीचा धोका असतो; आतडं वेगळ्या द्रावणानं नीट धुऊन घ्यावं लागतं.

जास्त झालं तरी तीच लक्षणं

सगळ्यात फसवी जागा ही. सिरप कमी पडलं तर पेशंट गुंगतो, आणि जास्त झालं तरीही गुंगतो. दिवसाला सहा-सात पातळ संडास झाल्या की अंगातलं पाणी आणि पोटॅशियम निघून जातं. पाणी कमी झालं की किडनीला रक्त कमी मिळतं. पोटॅशियम उतरलं की किडनी स्वतःच जास्त अमोनिया बनवून रक्तात सोडते. सोडियम वर गेलं तर त्यानंही माणूस भांबावतो. घरच्यांना मात्र एवढंच दिसतं की पेशंट पुन्हा बरळतोय, म्हणजे अमोनिया वाढला, म्हणजे सिरप वाढवा. इथून घसरगुंडी सुरू होते.

म्हणून पेशंट भांबावलेला दिसला की बाटलीकडे जाण्याआधी कॅलेंडरकडे जा. रेघा कमी असतील तर औषध कमी पडतंय. रेघा भरपूर असतील तर सिरप वाढवायचं नाही. फोन करून रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्यायचं. रेघा अगदी बरोबर दोन-तीन असूनही गुंगी असेल तर तिसरंच काहीतरी चाललंय: जंतुसंसर्ग, आतला रक्तस्राव, झोपेची गोळी.

पोटात पाणी झालेल्या बहुतेक पेशंटना लघवीची गोळी चालू असते, फ्युरोसेमाइड किंवा स्पायरोनोलॅक्टोन. जुलाबाच्या दिवशी ती गोळी पुढे द्यायची का हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. ओआरएस द्यायचं असलं तरी किती ते विचारा, कारण त्यात मीठ असतं आणि या पेशंटला मीठ मोजून द्यायचं असतं.

वारंवार संडासनं गुदद्वाराची कातडी सोलते. कोमट पाण्यानं धुवा, मऊ कापडानं टिपा, चोळू नका, वर पेट्रोलियम जेली किंवा झिंक ऑक्साइडचं मलम लावा. हे किरकोळ वाटतं, पण दुखतं म्हणूनच पुष्कळ पेशंट सिरप तोंडाबाहेर थुंकतात.

रोज सकाळची तपासणी

रात्री झोप कशी झाली हे पहिलं. दिवस-रात्र उलटणं हे बरळण्याच्या कितीतरी आधी येतं. मग वार, महिना, काल रात्री काय जेवला हे विचारा. एका वहीत रोज तारखेखाली सही करायला लावा. चार दिवसांत अक्षर कसं गेलं ते एका पानावर दिसतं. सही येत नसेल तर रोज एक वर्तुळ काढू द्या. शेवटी दोन्ही हात पुढे ताठ, मनगटं वर वळवलेली, बोटं फाकलेली, रस्त्यावर गाडी थांबवताना धरतो तसे, अर्धा मिनिट धरायला सांगा. हात मधूनच झटक्यानं खाली पडून पुन्हा वर येत असतील तर ती फडफड अमोनियाची खूण आहे. थंडीची किंवा म्हातारपणाची बारीक थरथर वेगळी असते, तिच्यात हात खाली गळत नाहीत.

झटका येऊन गेलेल्या माणसाला डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत दुचाकी, ट्रॅक्टर, ऊसतोडीचा कोयता, मोटरपंपाचा स्टार्टर यांपासून दूर ठेवा. बोलताना अगदी ठीक वाटणाऱ्या माणसाचाही प्रतिसाद मंदावलेला असतो.

रिफॅक्सिमिन आणि सॅशे

लॅक्टुलोज चालू असतानाही झटका पुन्हा आला की डॉक्टर बहुधा रिफॅक्सिमिन जोडतात, ५५० मि.ग्रॅ.ची एक गोळी सकाळी, एक रात्री. ही अँटिबायोटिक रक्तात जवळजवळ जात नाही, आतड्यातच राहून अमोनिया बनवणाऱ्या जंतूंवर काम करते. दोन चुका नेहमी होतात. अँटिबायोटिक म्हणजे पाच दिवसांचा कोर्स असं समजून ती थांबवली जाते, पण ती महिनोन् महिने चालवायची असते. दुसरी चूक: गोळी महाग आहे म्हणून ती घेतली आणि सिरप सोडलं. या गोळीचा उपयोग दाखवणाऱ्या २०१० च्या अभ्यासात दहापैकी नऊ पेशंट सिरपही घेतच होते. बाजारात २०० आणि ४०० च्याही गोळ्या असतात, तेव्हा पट्टीवरचा आकडा कागदाशी ताडून घ्या. ताप किंवा रक्तासह जोराचे जुलाब लागले, किंवा पेशंट वॉरफरिन वा सायक्लोस्पोरिन घेत असेल, तर डॉक्टरांना कळवा.

अमोनिया कमी करायला काही डॉक्टर एल-ऑर्निथिन एल-ॲस्पार्टेटची पुडी (सॅशे) देतात, ती पाण्यात मिसळून घ्यायची असते. किडनी फारच खराब असेल तर ती चालत नाही, म्हणून अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत असू द्या.

अमोनियाचा रिपोर्ट

ही तपासणी घरच्यांना फार महत्त्वाची वाटते, आणि डोस बसवण्यात तिचा उपयोग सगळ्यात कमी. रक्त काढल्यावर नळीतसुद्धा अमोनिया तयार होत राहतो. नमुना लगेच बर्फात ठेवून थोड्याच वेळात पेशी वेगळ्या करायला लागतात. तालुक्याच्या कलेक्शन सेंटरमध्ये सकाळी काढलेलं रक्त दुपारच्या बसनं बेळगावला गेलं, तर आकडा वाढलेलाच येणार. हात घट्ट बांधून मूठ वळायला लावली तरी वाढतो. रक्त देण्याआधी विडी-सिगारेट ओढली तरी वाढतो. निपाणीच्या तंबाखूपट्ट्यात ही गोष्ट आधीच बजावलेली बरी. तपासणी करायचीच तर जिथे लॅब आहे त्या दवाखान्यातच रक्त द्या.

एककंही बघा. एक लॅब मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये देते, दुसरी मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. ६० मायक्रोमोल म्हणजेच सुमारे १०२ मायक्रोग्रॅम. बेळगावचा ६० आणि कोल्हापूरचा १०२ हे रिपोर्ट शेजारी ठेवून "दुप्पट झाला" म्हणत रात्र जागवण्यात अर्थ नाही. गुंगलेल्या पेशंटचा अमोनिया नॉर्मल आला तर मात्र ती कामाची माहिती आहे: कारण दुसरीकडे शोधायचं.

निपाणीचा पेशंट कोल्हापूर गाठतो, अथणी-कागवाडचा मिरज, आणि तपासणी पुन्हा बेळगावला. दोन फायली, दोन डॉक्टर, आणि एकच गोळी दोन ब्रँडच्या नावानं दोनदा. प्रत्येक ठिकाणी सगळ्या पट्ट्या टेबलावर काढून दाखवा.

जेवण, आणि उपासाचा प्रश्न

प्रथिनांतून अमोनिया होतो म्हणून डाळ-दूध बंद, ही जुनी सूचना अजून घरोघर चालते. ती चुकीची आहे. लिव्हर कमी पडल्यावर अमोनियाची विल्हेवाट लावणारी मोठी जागा म्हणजे स्नायू, आणि प्रथिनं तोडली की स्नायूच झडतात. सिरॉसिसमध्ये दिवसाला दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं सांगितलेली आहेत. पोटात पाणी असेल तर वजन त्या पाण्याशिवायचं धरायचं.

६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. हे ताटात असं बसतं: दोनशे ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकरीतून सुमारे २०, अर्धा लिटर दुधातून १६, दोन वाट्या दह्यातून ७, साठ ग्रॅम मूग किंवा तूरडाळीतून १४, मूठभर शेंगदाण्यांतून ७, आणि पन्नास ग्रॅम हरभरे किंवा फुटाण्यांतून ९-१०. झाले सत्तरच्या वर. दूध-दही आणि डाळींची प्रथिनं या आजारात मटणापेक्षा सोसतात. अंडं चालतं. पोटात पाणी असेल तर लोणचं, पापड, खारवलेल्या मिरच्या बाजूला ठेवा.

उपास नको. एकादशी, संकष्टी, श्रावणी सोमवार यांतलं काहीही. सिरॉसिसच्या लिव्हरमध्ये साखरेचा साठा फार थोडा असतो. एका रात्रीच्या उपाशीपोटी शरीर स्नायू मोडून खायला लागतं. दिवसा तीन-चार तासांवर काहीतरी पोटात जाऊ द्या, आणि झोपण्याआधी दूध-भाकरी किंवा दुधातली नाचणीची आंबील ठरलेली ठेवा. घरातल्या मोठ्यांची समजूत घालायला डॉक्टरांनाच "उपास बंद" असं कागदावर लिहायला सांगा. औषधाच्या कागदापुढे सहसा वाद होत नाही.

दारू थेंबभरही नाही. काविळीवरचा झाडपाला, नाकात घालायचे थेंब, रोजचा गुळवेलीचा काढा हेही नाही. गुळवेल घेतलेल्यांच्या लिव्हरला इजा झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेलं आहे.

रात्री झोप येत नाही म्हणून अल्प्राझोलमसारखी गोळी मेडिकलमधून आणू नका. झोप उडणं हीच अमोनियाची खूण असते, आणि त्यावर झोपेची गोळी दिली की पेशंट सकाळी उठत नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं सिरप आणि ट्रामाडॉलही त्यातच आले. अंगदुखीला डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन नको, त्यांनी किडनी बसते आणि रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल दिवसाला एकूण २ ग्रॅमच्या आत सहसा चालतं, तेही डॉक्टरांना विचारून. ॲसिडिटीचं पांढरं सिरप रोज घेत असेल तर तेही सांगा. ते लॅक्टुलोजनं केलेलं आम्ल मारतं.

घरी थांबायचं नाही असं कधी

हाक मारूनही नीट जागा होत नाही. घर ओळखत नाही, अंगावर धावून येतो. डांबरासारखी काळी, चिकट संडास किंवा रक्ताची उलटी झाली. ताप आला, पोट दुखायला लागलं. लघवी फारच कमी झाली. यांतलं एकही असेल तर दुसऱ्या दिवशीच्या ओपीडीची वाट पाहू नका. काळी संडास म्हणजे आत रक्त सांडलंय. ते रक्तही प्रथिनच, आणि त्यातून अमोनिया झपाट्यानं चढतो. पेशंट लोहाच्या गोळ्या घेत असेल तरी संडास काळपट होते, पण तो निवाडा घरी करायचा नाही.

गुंगीत असलेल्या माणसाच्या तोंडात सिरप ओतू नका. गिळण्याची शुद्ध नसते, सिरप श्वासनळीत जातं. दवाखान्यात ते नाकातल्या नळीतून किंवा गुदद्वारावाटे देतात, ३०० मि.ली. लॅक्टुलोज ७०० मि.ली. पाण्यात मिसळून, अर्धा ते एक तास आत राहील असं. हा एनिमा घरी करायचा प्रकार नाही. पेशंटला डाव्या कुशीवर वळवा, कवळी काढा, काही खायला-प्यायला देऊ नका.

१०८ ला फोन करताना सीमेवरच्या गावात आधी राज्य, जिल्हा आणि तालुका सांगा, मग गाव. पलीकडचा माणूस कानडीत बोलत असेल तर "लिव्हर पेशंट, प्रज्ञे इल्ला" (शुद्ध नाही) एवढ्यानं काम होतं. सोबत घ्यायचं ते कॅलेंडरचं पान, सहीची वही, सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि सिरपची बाटली. कॅज्युअल्टीत शेवटचा डोस किती वाजता आणि किती मि.ली. दिला, शेवटची संडास कधी आणि कोणत्या रंगाची झाली, आणि गेल्या दोन दिवसांत कुठली नवी गोळी घेतली, हे विचारतील. तेवढं रिक्षात किंवा अँब्युलन्समध्ये बसल्यावर कागदावर लिहून काढा.